कुलाब्याची सुई आणि मृगातील तारा

नाताळच्या मध्यरात्रीचा मिस्सा आटोपून काळाचौकीकडे परतताना सहज मान वर केली, तर मृग नक्षत्र जवळजवळ माथ्यावर आलेले असते. आमच्या वस्तीला आकाश तसे पारखेच. गिरण्यांची धुराडी पेटत होती तेव्हा धुराने ते झाकले होते. धुराडी विझल्यावर उंच इमारतींच्या दिव्यांनी ते झाकले. तरीही मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे या शहरातूनही हटकून दिसतात. त्या तीन ताऱ्यांच्या खाली, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा, एक धूसर ठिपका आहे. त्या ठिपक्याच्या गाभ्यात सूर्याहून तीसपटींपेक्षा अधिक वस्तुमानाचा एक तारा धगधगतो आहे. तो तारा एक प्रचंड चुंबक आहे, हे मानवाला २००२ साली कळले.

काळाचौकीच्या पूर्व अंगाला कॉटन ग्रीनचे स्थानक आहे. त्या मार्गावरून ३ फेब्रुवारी १९२५ रोजी या देशातील पहिली विजेची आगगाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला धावत गेली. गिरणगावाला या घटनेचा अभिमान वाटावा, हे स्वाभाविक आहे. परंतु विजेवर चालणारे वाहन आणि चुंबकाचा शोध घेणारा अभ्यासक यांचे वैर जुने आहे. रुळांतून परतणारा विजेचा प्रवाह थोडाथोडा जमिनीत झिरपतो आणि आसपासच्या नाजूक चुंबकसुया थरथरू लागतात. आकाशातील तारा आणि दारातील आगगाडी यांचा परस्परांशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. तो संबंध उलगडण्यासाठी आपल्याला प्रथम मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला जावे लागेल.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा उभारली ती मुख्यत्वे जहाजांसाठी. बंदरात येणाऱ्या खलाशांना अचूक वेळ हवी होती आणि होकायंत्रावर विसंबून सागर ओलांडणाऱ्यांना चुंबकाच्या लहरींचे ज्ञान हवे होते. होकायंत्राची सुई नेमक्या उत्तरेकडे स्थिर राहत नाही. ती वर्षागणिक, ऋतूगणिक, किंबहुना दिवसाच्या प्रहरागणिक किंचित सरकते. हे सरकणे मोजण्याचे काम एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली १८४१ साली कुलाब्यात सुरू झाले आणि १८४६ पासून त्याला नियमित, अखंड नोंदींचे रूप आले. ऑर्लेबारांच्या हाताखाली घडलेला आणि या वेधशाळेत साहाय्यक म्हणून राबलेला एक मराठी तरुण पुढे पुण्यात गणिताचा नामांकित प्राध्यापक झाला. लोकमान्य टिळकांचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे ते हेच. केरोपंत मूळचे अलिबागजवळच्या नागावचे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे अलिबागचा उल्लेख पुन्हा येणार आहे.

त्या काळचे वेध घेणे म्हणजे एक प्रकारचे व्रत होते. धाग्याने टांगलेली चुंबकपट्टी, तिला जोडलेला चिमुकला आरसा, काही अंतरावर एक लहान दुर्बीण आणि मोजपट्टी. पट्टी केसभर वळली, तर आरशातील आकडा सरके. माणसाने तो डोळ्याने टिपावा, वहीत लिहावा आणि पुढच्या तासाला पुन्हा उठावे. रात्र असो वा पावसाळा, या नेमात खंड नसे. आपण लिहीत असलेल्या आकड्याचा उपयोग कोणाला व केव्हा होईल, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

अशाच एका वहीत १८५९ सालच्या सप्टेंबरच्या आरंभीचे आकडे आहेत. १ सप्टेंबर रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्याच्या डागांवर अकस्मात एक तेजस्वी ज्वाला पाहिली. त्यानंतर दिवसही उलटला नव्हता, तोच पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वादळ उठले. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रांत ठिणग्या उडाल्या, आणि एरवी ध्रुवप्रदेशात दिसणारा प्रकाश विषुववृत्ताकडील मुलखांतही दिसला. कुलाब्यातील कर्मचारी मात्र सुईवर नजर ठेवून होते. क्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे नेहमीच्या मूल्याच्या जवळजवळ चार टक्क्यांनी कोसळल्याची नोंद त्यांनी केली. ती वही तशीच पडून राहिली. २००३ साली, तब्बल १४४ वर्षांनी, अमेरिकेतील ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्षसिंग लाखिना आदी संशोधकांनी तिचा आधार घेऊन त्या वादळाचे बळ जगापुढे मांडले. आज उपग्रहांची व वीजजाळ्यांची सुरक्षितता अजमावताना जगभरचे तज्ज्ञ ज्या आकड्याचा हवाला देतात, तो आकडा मुंबईत लिहिला गेलेला आहे.

एकोणिसावे शतक सरता सरता ही साखळी तुटण्याची वेळ आली. मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती. तिच्या जागी विजेची ट्राम आणण्याचे घाटू लागले. १८९६ साली नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले होते. ट्रामच्या रुळांतून वीज वाहू लागली, की कुलाब्याच्या सुया पृथ्वीऐवजी ट्रामचेच वेळापत्रक सांगू लागतील, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. शहराची ट्राम अडवणे शक्य नव्हते, आणि ते योग्यही ठरले नसते. परळ-लालबागच्या ज्या रस्त्याने पुढे गिरणीकामगार ट्राममधून ये-जा करू लागले, त्यांच्या पायपिटीला मोल होतेच. तेव्हा सुईने शहर सोडावे, असे ठरले. मुंबईच्या कुलाब्यातून निघालेली सुई खाडीपलीकडे अलिबागला, म्हणजे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात पोहोचली. केरोपंतांच्या नागावाशेजारीच ती विसावली, असेही म्हणता येईल.

या स्थलांतरात मूस यांची खरी दूरदृष्टी दिसते. अलिबागच्या इमारतीसाठी लोहाचा अंश नसलेला पोरबंदरी दगड निवडण्यात आला. मुख्य म्हणजे, १९०४ साली अलिबागला वेध सुरू झाल्यावर कुलाब्याचे काम तत्काळ बंद केले नाही. सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, जेणेकरून जुन्या व नव्या आकड्यांचा मेळ बसावा आणि साठ वर्षांची साखळी अभंग राहावी. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा सुई सुरक्षित स्थळी पोहोचली होती. मूस यांनी १८४६ ते १९०५ या कालखंडातील नोंदी सिद्ध करून १९१० साली दोन भागांत प्रसिद्ध केल्या. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद पडली. अलिबागची सुई आजही चालू आहे.

पृथ्वीच्या चुंबकाची ही कथा झाली. ताऱ्यांचा चुंबक शोधण्याची कथा निराळी असली, तरी दोहोंची पाळेमुळे एकाच काळात आहेत. कुलाब्यात सुयांचे वाचन चालू होते त्याच वर्षांत रोममध्ये एक येशूसंघीय धर्मगुरू ही दोन्ही कामे करीत होते. फादर आंजेलो सेक्की हे त्यांचे नाव. १८१८ साली जन्मलेल्या फादर सेक्कींनी रोमन कॉलेजची वेधशाळा संत इग्नेशियसच्या ख्रिस्तमंदिराच्या छतावर उभारली आणि १८५८ साली तेथेच चुंबकीय वेधांचीही व्यवस्था केली. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पसरला, की त्याचा वर्णपट मिळतो आणि त्यात काळ्या रेषा उमटतात. चार हजारांहून अधिक ताऱ्यांचे असे वर्णपट पाहून फादर सेक्कींनी ताऱ्यांचे वर्ग पाडले. मृग नक्षत्रातील निळसर-शुभ्र ताऱ्यांच्या रेषा काही वेगळ्या आहेत, हे त्यांनी हेरले व त्यांचा स्वतंत्र उपवर्ग मानला. १८६६ साली शर्मिष्ठा नक्षत्रातील अशाच एका उष्ण ताऱ्याच्या वर्णपटात काळ्या रेषेच्या जागी त्यांना तेजस्वी रेषा आढळली. त्यांच्या एका हाताशी चुंबकसुई होती आणि दुसऱ्या हाताशी ताऱ्यांचा प्रकाश. मात्र या दोहोंना जोडणारा धागा त्यांच्या हयातीत सापडला नाही. १८७८ साली ते निवर्तले.

तो धागा १८९६ साली हॉलंडमध्ये पीटर झीमान यांना गवसला. प्रकाश देणारा पदार्थ बलवान चुंबकाच्या क्षेत्रात ठेवला, तर त्याच्या वर्णरेषा रुंदावतात व फाटतात, असे त्यांनी दाखवले. याचा अर्थ असा, की चुंबकाला स्पर्श न करता, केवळ तेथून आलेल्या प्रकाशावरून त्याचे बळ मोजता येते. १९०८ साली अमेरिकेत जॉर्ज एलरी हेल यांनी ही कसोटी सूर्याच्या डागांना लावली आणि पृथ्वीबाहेरील पहिले चुंबकीय क्षेत्र मानवाच्या दृष्टीला पडले. १९४६ साली होरेस बॅबकॉक यांनी कन्या राशीतील एका ताऱ्यात असे क्षेत्र शोधले. सूर्याखेरीज इतर ताऱ्याचे चुंबकत्व प्रथमच सिद्ध झाले ते त्या वेळी.

यानंतर खरी कठीण चढण होती ती अतिउष्ण, महाकाय ताऱ्यांची. सूर्याच्या बाहेरच्या थरांत तप्त वायू उकळत्या भाताच्या पाण्याप्रमाणे खालीवर होत असतो, आणि या घुसळणीतून त्याचे चुंबकत्व सतत निर्माण होते. महाकाय उष्ण ताऱ्यांच्या बाहेरील थरांत अशी घुसळण नाही. सिद्धांताप्रमाणे त्यांच्या पृष्ठभागावर बलवान चुंबक असण्याचे कारणच नव्हते. शिवाय असला तरी तो सापडावा कसा? या ताऱ्यांच्या वर्णपटात रेषा थोड्या, आणि त्यांतील बहुतेक तारे वेगाने गरगरतात, त्यामुळे त्या रेषाही पुसट व रुंद. चुंबकाने पाडलेली चीर त्या रुंदीत हरवून जाते. यावर उपाय निघाला तो प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचा. चुंबकीय क्षेत्रामुळे रेषेच्या दोन बाजूंच्या प्रकाशाला उलटसुलट पीळ पडतो. हा पीळ अत्यंत सूक्ष्म असतो. परंतु शेकडो रेषांतील पीळ एकत्र केला, की तो ओळखता येतो.

या मार्गाने एकेक तारा बोलू लागला. १९७८ साली मृगाच्या बाणातील पूर्वेकडच्या ताऱ्याजवळील सिग्मा ओरायनिस ई या ताऱ्यात जॉन लँडस्ट्रीट व एर्मानो बोरा यांना हजारो गॉसचे क्षेत्र आढळले. तुलनेसाठी सांगायचे, तर मुंबईतील पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसच्याही आत आहे. मृगाखालच्या धूसर ठिपक्यातील आपला तारा दर १५.४ दिवसांनी आपली चर्या बदलतो, हे १९९० च्या दशकात लक्षात आले होते. त्यामागे चुंबक असावा, हा तर्क झाँ-फ्रान्स्वा दोनाती यांच्या गटाने २००२ साली खरा ठरवला. सुमारे ११०० गॉसचे ते क्षेत्र होते, आणि सर्वांत तप्त ताऱ्यांच्या वर्गात सापडलेले ते पहिलेच. २००६ साली वृश्चिकेतील टाऊ स्कॉर्पी या ताऱ्याचे क्षेत्र उकलले गेले. आपल्या परंपरेने ज्येष्ठा नक्षत्रात जे तीन तारे गणले, त्यांपैकी हा एक. पुढे कॅनडाचे ग्रेग वेड यांच्या नेतृत्वाखाली ‘माइम्स’ या मोहिमेने पाचशेहून अधिक उष्ण तारे तपासले आणि निष्कर्ष काढला, की त्यांतील सुमारे सात टक्के ताऱ्यांनाच असे बलवान चुंबकत्व लाभलेले आहे.

सातच टक्के का, या प्रश्नाचे अखेरचे उत्तर अद्याप मिळालेले नाही. काहींच्या मते ज्या मेघातून तारा जन्मला, त्या मेघातील क्षेत्राचा तो उरलेला वारसा आहे. दुसरे मत असे, की दोन तारे एकमेकांत विलीन होतात तेव्हा त्या घुसळणीतून चुंबक जन्मतो. २०२४ साली एका जोडताऱ्याच्या अभ्यासातून या दुसऱ्या मताला बळकट पुरावा मिळाला. हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. आपण श्वासात घेतो त्या प्राणवायूचा मोठा भाग अशाच महाकाय ताऱ्यांच्या उदरात घडला आणि त्यांच्या स्फोटांतून विश्वात विखुरला. चुंबक ताऱ्याच्या वाऱ्याला बांधून ठेवतो, त्याच्या फिरण्याला आवर घालतो. म्हणून तारा कसा जगेल आणि कसा मरेल, हे ठरण्यात चुंबकाचा वाटा असतो.

या शोधातील एक महत्त्वाचे पान अलीकडच्या काळात महाराष्ट्रात लिहिले गेले, आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. जुन्या वेधशाळेच्या परिसरात, कुलाब्यालाच, आज टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी आहे. १९६३ साली गोविंद स्वरूप या संस्थेत आले. ऑस्ट्रेलियातून भेट मिळालेल्या ३२ छोट्या तबकड्या जोडून त्यांनी १९६५ साली कल्याणला रेडिओ दुर्बीण उभारली, पुढे उटीला मोठी दुर्बीण बांधली, आणि अखेरीस जुन्नर तालुक्यातील नारायणगावजवळ खोडद येथे ३० तबकड्यांची महाकाय दुर्बीण सिद्ध केली. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर, आणि त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. जागा निवडताना शहरी कोलाहलापासूनचे अंतर आणि भोवतालच्या डोंगरांचा आडोसा पाहिला गेला. मूस यांनी अलिबाग निवडताना केलेला विचारच येथे नव्या रूपाने अवतरला.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील बर्नाली दास व पूनम चंद्रा यांनी या दुर्बिणीतून उष्ण चुंबकी ताऱ्यांचा मागोवा घेतला. अशा ताऱ्याभोवती चुंबकीय क्षेत्रात अडकलेले विद्युत्कण गिरक्या घेत रेडिओलहरी फेकतात. तारा फिरता फिरता त्या लहरींचा झोत दीपगृहाच्या प्रकाशाप्रमाणे आपल्यावरून जातो, तेव्हा दुर्बिणीला स्पंद जाणवतो. या स्पंदाच्या कंप्रतेवरूनच तो जेथून निघाला तेथील क्षेत्राचा अंदाज येतो. कारण कणांच्या गिरकीची कंप्रता दर गॉसला सुमारे २.८ मेगाहर्ट्झ या प्रमाणात वाढते. असा पहिला तारा २००० साली परदेशात सापडला होता. २०१८ साली या जोडीने खोडदच्या दुर्बिणीतून दुसऱ्या एका ताऱ्याचे असे स्पंद प्रसिद्ध केले, आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात, ग्रेग वेड आदींच्या सहकार्याने, एकदम आठ नवे तारे जाहीर केले. त्या वेळी ज्ञात असलेल्या अशा १५ ताऱ्यांपैकी ११ खोडदच्या दुर्बिणीने शोधलेले होते. अतिदुर्मीळ समजली जाणारी ही जात तितकी दुर्मीळ नाही. ती ऐकण्यासाठी लागणारी शांतताच दुर्मीळ आहे, असे यावरून दिसते.

आणि आता इतिहासाने जणू कुशी बदलली आहे. पुणे व नाशिक यांना जोडणारा नियोजित लोहमार्ग नारायणगावच्या बाजूने जाणार होता. विजेच्या गाड्यांनी दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल, या कारणाने तो मार्ग बदलण्याचे सरकारने २०२४ मध्ये सूचित केले. मुंबईत ट्रामसाठी वेधशाळा हलली. जुन्नरला दुर्बिणीसाठी लोहमार्ग हलण्याची वेळ आली. विज्ञानाचा हा मोठाच सन्मान म्हणावा लागेल. परंतु ज्या शेतकऱ्याचा टोमॅटो व कांदा त्या गाडीने बाजारात गेला असता, ज्या विद्यार्थिनीला त्या गाडीने पुण्याला रोज जाता आले असते, त्यांच्या पदरी काय पडले? कॉटन ग्रीनच्या फलाटावर पिढ्यानपिढ्या उभ्या राहिलेल्या आम्हा काळाचौकीकरांना गाडीचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

या पेचाचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. मात्र मूस यांच्या उदाहरणात एक वाट दिसते. त्यांनी ट्रामला शत्रू मानले नाही आणि सुईलाही निरुपयोगी ठरवले नाही. त्यांनी वेळेआधी हालचाल केली, दोन वर्षे दुप्पट कष्ट सोसले, आणि त्यामुळे शहराला वाहन मिळाले व जगाला अखंड नोंद मिळाली. हा भार एका वेधशाळेने स्वतःच्या खांद्यावर घेतला होता. खोडदच्या शांततेचा लाभ साऱ्या जगाला होणार असेल, तर तिची किंमत केवळ जुन्नरच्या खेड्यांनी मोजावी, हे न्यायाचे होणार नाही. त्या खेड्यांना दळणवळणाची दुसरी सोय करून देणे हा त्या विज्ञानाचाच भाग मानला पाहिजे, आणि तो खर्च आपण सर्वांनी उचलला पाहिजे.

येत्या नाताळच्या रात्री घरी परतताना वाचकांनी मुलांना मृगाच्या बाणाखालचा तो धूसर ठिपका अवश्य दाखवावा. तेथून आज आपल्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश सुमारे साडेतेराशे वर्षांपूर्वी निघालेला आहे. तो दाखवताना कुलाब्याच्या त्या कर्मचाऱ्यांचीही गोष्ट सांगावी. त्यांतील बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. १८५९ च्या त्या वादळात त्यांनी सुईवरची नजर हलवली नाही, एवढे मात्र त्यांच्या वहीवरून निश्चित कळते.